‘जरा लक्ष असू द्या’ ही सोय नाही, भाऊ!

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की, आणि मे महिन्यात लग्नाच्या तिथी सुरू झाल्या की, मला एका ठरलेल्या तऱ्हेचा फोन येतो. "भाऊ, आमच्या बाजूच्या घराले कुलूप हाय. मांगच्या अंगणात कुत्रं बांधेल हाय. दोन दिवसापासून बोंबलून राह्यलं. काही बातमी-बितमी लावता येते काय?"

फोन करणारा वैतागलेला असतो. त्याला कुत्र्याची दया आलेली असते की रात्रीची झोप मोडल्याचा राग, हे त्यालाही नीट सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही. मी विचारतो, घरचे कुठे गेले? उत्तरं वर्षानुवर्षं तीच. बालाजीले गेले. गोव्याले गेले. भाच्याचं लग्न हाय नाशकाले. बरं, कुत्र्याचं काय सांगून गेले? "काहीच नाही ना भाऊ. गाडीत बसता बसता एवढंच म्हणे, जरा लक्ष असू द्या."

या चार शब्दांवर आज लिहायचं आहे. अमरावती आणि अकोल्यात गेल्या काही वर्षांत घरोघरी लॅब्रेडॉर आले, पग आले, पर्शियन मांजरी आल्या. ४५ डिग्रीच्या गावात हस्की आले. त्यांच्या वाढदिवसाचे केक कापलेले फोटो मी रोज बघतो, लाईकही करतो. पण हेच कुटुंब चार दिवस गावाला निघालं की त्या जीवाची व्यवस्था काय, तर शेजारच्या काकूंना कुंपणावरून टाकलेलं एक वाक्य. तिकीट दोन महिने आधी निघतं, हॉटेल एक महिना आधी ठरतं, आणि कुत्र्याचा विषय निघतो बॅगा गाडीत ठेवल्यावर. माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्या चारा-पाण्याचा माणूस ठरलेला नाही, त्या घरानं कुलूप लावू नये. आणि माणूस ठरला म्हणजे नाव ठरलं, वेळ ठरली, पैसे ठरले, किल्ली दिली. याच्या खालचं जे काही आहे त्याला सोय म्हणायची नाही.

आता लगेच कोणीतरी लिहील, "इथे शेतकरी मरून राह्यला आणि तुम्हाले कुत्र्या-मांजराचं पडलं." हे मी आधीच घेतो, कारण या प्रश्नाचं खरं उत्तर शेतकऱ्याकडेच आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांनी प्रवास केले नाहीत काय? शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरला निघते, अकोल्यातून जाते, महिनाभर पायी चालते. कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी जाते. त्यात चालणारा माणूस कोण असतो? ज्याच्या कोठ्यात बैलजोडी आहे, गाय आहे, तोच. निघायच्या आधी तो काय करतो ते खेड्यात जाऊन विचारा. कुटार किती शिल्लक, ढेप किती, गाय कधी व्यायची, कोणता बैल मारका, पाणी कोण पाजणार, हे सगळं भावाला नाहीतर सालदाराला बोलून जातो. नुसतं बोलून नाही, कोठ्यात उभं करून दाखवून जातो. परत आल्यावर त्या माणसाचं देणं चुकतं करतो. पोळ्याला बैलाची पूजा करणारा हा समाज आहे. जनावर कोठ्यात बांधून घराला कुलूप लावून गेला, असा माणूस गावात तोंड दाखवू शकत नव्हता. ज्यांच्याकडे नड आहे, कर्ज आहे, ते आजही जनावराची राखण लावल्याशिवाय गाव सोडत नाहीत. म्हणून ही पोस्ट शेतकऱ्यासाठी नाही. ती आपल्यासाठी आहे: पगारदार, दुकानदार, प्लॉटवर दोन मजली घर आणि गेटवर ‘कुत्र्यापासून सावधान’ची पाटी लावणाऱ्या आपल्यासाठी.

मे महिन्यातलं एक बंद घर डोळ्यासमोर आणा. मागच्या अंगणात टिनाचं शेड, त्याखाली साखळी. स्टीलच्या भांड्यात पाणी, परातीत तीन दिवसांच्या पोळ्या आणि दूध-भात. घरमालकाच्या हिशेबानं तीन दिवसांची सोय झाली. प्रत्यक्षात काय होतं? दूध-भात त्याच दिवशी संध्याकाळी आंबतो, मुंग्या लागतात. पाण्याचं भांडं साखळीच्या एका झटक्यात पालथं होतं. झालं नाही, तरी टिनाखाली दुपारी ते पाणी तोंडाला लावण्यासारखं राहत नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हीच त्याची अंग थंड करायची रीत. त्यासाठी लागतं पाणी, आणि पाणी तर सकाळीच सांडलं. चपट्या नाकाच्या पगला आणि जाड केसांच्या हस्कीला तर सावलीतसुद्धा हे झेपत नाही.

काही जण म्हणतात, आम्ही घरात ठेवतो, कूलर लावून देतो. भाऊ, कूलरची टाकी किती तास पुरते हे वऱ्हाडातल्या लेकराला माहीत आहे. टाकी रिकामी झाली की तोच कूलर खोलीत गरम हवा फेकतो, मोटर जळते ती वेगळी. लाईट गेली तर तेही नाही. आणि टाकीत पाणी भरणार कोण? आपल्याकडे नळ रोज येत नाही, हे अकोलेकराला सांगायची गरज आहे काय? जो माणूस ‘जरा लक्ष’ ठेवणार आहे, त्याच्या स्वतःच्या घरी पाण्याचे ड्रम मोजून वापरतात. त्याला तुमच्या कुत्र्यासाठी पाणी कुठून आणायचं, हे तरी सांगून जा.

मांजरवाले म्हणतील, मांजर स्वतःचं बघते. काही अंशी खरं. पण घरात कोंडलेली, नेहमीची माणसं दिसेनाशी झालेली मांजर कित्येकदा भांडं भरलेलं असूनही खात नाही. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर तिच्या लिव्हरवर बेतू शकतं. रोज येऊन तिनं खाल्लं की नाही हे डोळ्यांनी बघणारा माणूस लागतो. लव्हबर्ड्सचं तर आणखीच वेगळं. दाणे खाऊन झाल्यावर टरफलं भांड्यात वरच पडतात. बघणाऱ्याला भांडं भरलेलं दिसतं, खाली दाणा शिल्लक नसतो. फुंकर मारून टरफलं उडवायची असतात, हे सांगितल्याशिवाय शेजाऱ्याला कसं कळणार? माशांच्या टाकीत याच्या उलट होतं. शेजारी मायेनं मूठभर खाणं टाकतो, पाणी सडतं आणि मासे उपाशी नाही, जास्त खाण्यानं मरतात. पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटाबद्दल मी सोय सुचवणार नाही. देशी पोपट घरात ठेवणं हाच वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

म्हणजे शेजाऱ्याकडून आपण मागतो काय, याचा नीट विचार करा. सकाळ-संध्याकाळ खाणं, पाणी, घाण काढणं, फिरवणं, औषध, आणि रात्री भुंकलं तर उठून बघणं. हे काम आहे. या कामाला ‘जरा लक्ष’ म्हणायचं, वर पैसेही द्यायचे नाहीत, आणि परत येताना पेढ्याचा पुडा आणला की झालं. बहुतेक वेळा हे काम पडतं कोणावर? शेजारच्या घरातल्या बाईवर. नाहीतर तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशीवर. तुम्ही घरी नसताना तिला सुट्टी मिळायला पाहिजे होती. ती मिळते बाजूलाच, उलट ज्या कुत्र्याला ती वर्षभर भिते त्याच्या पुढ्यात तिला एकटीला उभं करतो. चावलं तर इंजेक्शनचे फेरे कोण मारणार? भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ वाचून ठेवा. पाळलेल्या जनावरापासून माणसाच्या जीवाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तुम्ही गोव्याला होता, हे त्यावर उत्तर नाही.

दुसरा वर्ग म्हाताऱ्या आई-बापांचा. पोरगा पुण्याला नोकरीला लागला, हौसेनं कुत्रा घेतला. सहा महिन्यांत कंपनीनं बाहेर पाठवलं की कुत्रा रेल्वेनं नाहीतर गाडीनं अमरावतीला. "बाबा, पंधरा दिवस ठेवा फक्त." त्या पंधरा दिवसांचं वर्ष होतं. साईनगरात, रुक्मिणीनगरात सकाळी फिरायला जा. गुडघ्याला पट्टा बांधलेले काका आणि त्यांना ओढत नेणारा तीस-पस्तीस किलोचा लॅब्रेडॉर ही जोडी दिसेल. काका तक्रार करत नाहीत, कारण नातवंडासारखा जीव लागलेला असतो. पण पडले तर? त्यांना स्वतःला चारधामला जायचं असेल तर? ज्यांची सोय आपण करायची, त्यांच्याच गळ्यात आपण आपली सोय बांधली.

आणि चार दिवस हे चारच राहतील, हे कोणी सांगितलं? आपल्या शहरानं तर हे डोळ्यांनी पाहिलं आहे. मार्च २०२० मध्ये देश बंद झाला, तेव्हा गावाला गेलेली माणसं गावातच अडकली. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत अमरावती आणि अचलपुरात आठवडाभराचं लॉकडाऊन लागलं. रविवारी जाहीर झालं आणि सोमवारी २२ तारखेला रात्रीपासून सुरू. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावती शहरात संचारबंदी लागली आणि इंटरनेटही बंद झालं. ‘आम्ही मोबाईलवर कॅमेऱ्यात बघतो ना कुत्र्याला’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कॅमेऱ्यात दिसतं, कॅमेरा पाणी पाजत नाही. आणि नेट बंद पडलं की दिसतही नाही. दोन दिवसांसाठी जाणाऱ्यानंही आठ दिवसांचं खाणं-औषध घरात ठेवून आणि दुसऱ्या एका माणसाचं नाव ठरवून जायला पाहिजे, ते यासाठी.

कायदा काय म्हणतो? १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये पुरेसं खाणं, पाणी, निवारा न देणं ही क्रूरता आहे. आखूड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं ही क्रूरता आहे. उपासमार किंवा तहान होईल अशा स्थितीत कारण नसताना जनावर सोडून जाणं, हीसुद्धा क्रूरता आहे. म्हणजे मे महिन्यातलं ते कुलूपबंद अंगण थेट कायद्यात बसतं. शिक्षा काय? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. हो, बरोबर वाचलं. १९६० चे पन्नास रुपये २०२० नंतरही पन्नासच राहिले. त्यात आज सावजी हॉटेलात रस्साही येत नाही. शिवाय हे गुन्हे अदखलपात्र, त्यामुळे पोलीस स्टेशनला गेलं की एक नोंद होते आणि साहेब म्हणतात, मालक आले की समजावून सांगतो. म्हणून मी कायद्याच्या भरवशावर ही पोस्ट लिहीत नाही. लाजेच्या भरवशावर लिहितो.

मग करायचं काय? फार अवघड नाही.

पहिला आणि सर्वात चांगला मार्ग: घर उघडं ठेवा. सगळ्यांनी एकदम जायलाच पाहिजे असं नाही. माझ्या घरी गावठी कुत्री आहे. लग्नकार्याला आम्ही दोन पाळ्या करतो, नाहीतर अंजनगावहून मामेभाऊ येऊन राहतो. जनावराला स्वतःची जागा, स्वतःचा वास सोडावा लागत नाही.

ते जमत नसेल तर पैसे देऊन माणूस ठेवा. ओळखीचा कॉलेजचा पोरगा, पशुवैद्यकीय दवाखान्यातला मदतनीस, ज्याला जनावराची भीती नाही असा कोणीही. निघायच्या आठ दिवस आधीपासून त्याला दोन-तीनदा घरी बोलवा, तुमच्या समोर त्याच्या हातून खाऊ घाला, फिरवा. किल्ली द्या. फ्रिजवर कागद चिकटवा: किती खातं, केव्हा खातं, औषध कोणतं, कशाला बिचकतं, डॉक्टरचा नंबर, आणि तुमचा फोन लागला नाही तर निर्णय कोणी घ्यायचा त्याचा नंबर. डॉक्टरलाही सांगून जा, की याला घेऊन अमुक माणूस आला तर उपचार करा, खर्च मी देतो. रात्री अकरा वाजता पैशाच्या विचारानं दवाखान्याबाहेर थांबलेला शेजारी ही फार वाईट जागा आहे.

तिसरा मार्ग बोर्डिंगचा. दोन्ही शहरांत आता कुत्रे सांभाळायला ठेवून घेणारे आहेत. चांगले असतील, मी नाही म्हणत नाही. पण मी स्वतः एका ठिकाणी बघायला गेलो होतो, नाव लिहीत नाही. टिनाखाली ओळीनं पिंजरे, एक पंखा. आत बघू द्या म्हटलं तर मालक म्हणे, "कुत्रे डिस्टर्ब होतात." मी कुत्री घेऊन परत आलो. तुम्हीही तसंच करा. आत बघू देत नाही तिथं ठेवायचं नाही. लसीचं कार्ड मागत नाही तिथंही ठेवायचं नाही, कारण तो तुमचं मागत नाही म्हणजे शेजारच्या पिंजऱ्यातल्याचंही मागितलेलं नाही. लस घेऊन जायच्या दिवशीच सुई टोचून उपयोग नसतो, अंगात ताकद यायला दिवस लागतात, म्हणून निदान दोन-तीन आठवडे आधी. गोचीड बघून घ्या, आपल्याकडे गोचीडतापानं कितीतरी कुत्रे जातात. मादी माजावर यायची असेल तर स्पष्ट सांगा. आणि आधी एक रात्र ठेवून बघा.

सोबत न्यायचं म्हणत असाल तर रेल्वेचा नियम माहीत करून घ्या. स्लीपर, थ्री-टायर, टू-टायरमध्ये कुत्रा चालत नाही. फर्स्ट एसीत दोन बर्थचा कूपे नाहीतर चार बर्थचा केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तरच. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत, आणि मे महिन्यात त्या लोखंडी पेटीत बडनेऱ्याहून मुंबई म्हणजे काय हे मी लिहीत नाही. चिखलदऱ्याला नेत असाल तर मेळघाट व्याघ्र प्रकल्पात कुत्रा नेता येत नाही, आणि नेऊही नये. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत डिस्टेंपर पसरला होता. कुत्र्यांना होणारा रोग जंगलात काय करतो, ते तेव्हा देशानं पाहिलं.

आता थोडं सरकारकडे. २००१ च्या केंद्राच्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असायला पाहिजे, आणि आजारी-बेवारस जनावरांच्या निवाऱ्यासाठी राज्यानं जागा-सुविधा द्यायला पाहिजे. अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना माझी जाहीर विनंती आहे: या सोसायटीची शेवटची बैठक केव्हा झाली आणि त्यात काय ठरलं, ते लोकांना सांगा. दोन्ही महापालिकांना विनंती आहे: कुत्र्याच्या नोंदणीच्या अर्जात एक रकाना वाढवा, ‘मालक नसताना जबाबदार व्यक्ती’. जागा तपासून बोर्डिंगवाल्यांची यादी करा आणि ती वेबसाइटवर टाका. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कोंडलेल्या जनावराची खबर द्यायला एक फोन नंबर जाहीर करा. अकोल्यात तर पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे. सुट्ट्यांच्या आधी तिच्या मदतीनं लसीकरण आणि तपासणीचे दोन दिवस ठेवले तर बिघडेल काय? यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही.

पण महापालिका करेल तेव्हा करेल. दिवाळीची तिकिटं तुमच्या हातात आताच आहेत. आज जेवायला बसाल तेव्हा घरात एकच विषय काढा: आपण नसताना याला पाणी कोण पाजणार? एक नाव घ्या आणि त्या माणसाला आत्ताच फोन करून विचारा, जमेल का, काय द्यायचं. तो नाही म्हणाला तर राग धरू नका, त्यानं तुमच्यावर उपकारच केले. नाव निघत नसेल तर तिकीट परत करा.

आणि शेजाऱ्यांनो, तुम्हालाही एक सांगतो. पुढच्या वेळी गाडीची काच खाली करून कोणी म्हणालं, "जरा लक्ष असू द्या," तर हसून मान हलवू नका. गेटपाशी उभे राहा आणि विचारा: किल्ली कुठाय? खाणं कुठाय? डॉक्टर कोण? येणार केव्हा? गाडी पाच मिनिटं उशिरा निघाली तरी चालते.